तिळवण : मोहरीची रानांतली बहीण

मोहरीच्या दाण्याचा दृष्टांत आमच्या शाळेंतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे, आणि फोडणींत तडतडणारी मोहरी तर घरोघरची. परंतु मोहरीच्या नात्यांतली एक वनस्पति दर पावसाळ्यांत पाचोडच्या बांधांवर व पडीक जमिनींत आपोआप उगवते, तिच्याकडे आपलें सहसा लक्ष जात नाहीं. ती म्हणजे पिवळी तिळवण. या लेखांत तिची ओळख करून द्यावी असा आमचा हेतु आहे.

तिळवण वीतभरापासून दोन हातांपर्यंत वाढते. तिच्या सर्वांगावर बारीक लव असून लवेच्या टोंकांस चिकट रस असतो; म्हणून झाडास हात लावतांच बोटें चिकटतात, आणि पान चुरगळलें तर उग्र वास येतो. स्वीडनचे शास्त्रज्ञ लिनीअस यांनीं १७५३ सालीं तिला 'क्लिओम व्हिस्कोसा' हें नांव दिलें. त्यांतील दुसऱ्या शब्दाचा अर्थच मुळीं 'चिकट' असा आहे. पानाच्या एका देठावर तीन किंवा पांच पर्णिका हाताच्या बोटांप्रमाणें पसरलेल्या असतात.

आतां मोहरीचें एक फूल व तिळवणीचें एक फूल शेजारीं ठेवून पाहूं. दोहोंचा रंग पिवळा व दोहोंत पाकळ्या चार. पण मोहरीच्या पाकळ्या क्रुसासारख्या समोरासमोर असतात, तर तिळवणीच्या चारहि पाकळ्या एका बाजूस वर झुकलेल्या दिसतात. मोहरींत पुंकेसर सहा, चार लांब व दोन आखूड. तिळवणींत ते बहुधा दहांहून अधिक. मोहरीची शेंग देठाकडून उकलते व तिच्या मधोमध एक पातळ पडदा आढळतो. तिळवणीची शेंग टोंकाकडून उकलते व तींत असा पडदा नसतो.

असें असतां तिला मोहरीची बहीण कां म्हणावें ? थिओडोर कुक यांनीं मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील आपल्या ग्रंथांत (१९०१ ते १९०८) तिळवण वाघांटीच्या कुलांत घातली होती. पुढें वनस्पतींच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्य तपासतां आलें, तेव्हां तिळवणीचें नातें वाघांटीपेक्षां मोहरीशीं अधिक जवळचें ठरलें, आणि २००९ सालच्या वर्गीकरणांत तिळवणीचें कुल स्वतंत्र मानून मोहरीकुलाच्या शेजारीं बसविलें गेलें. मोहरीला तिखटपणा देणाऱ्या द्रव्यांच्या जातीचींच द्रव्यें तिळवणींतहि आहेत.

आपला मराठवाडा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत आहे. येथें पावसाचा भरंवसा थोडा. तिळवण पहिल्या सरींनंतर उगवते, थोडक्या काळांत फुलते, फळते व वाळून जाते. कोरडे महिने ती बीजरूपानें मातींत काढते. रुक्ष प्रदेशांतील पुष्कळ वर्षायु वनस्पतींची राहणी अशीच असते.

उत्तरेकडे गढवालांत तिळवणीचें बी 'जखिया' या नांवानें मोहरीप्रमाणें फोडणींत घालतात. यावरून रानांतलें कोणतेंहि बारीक काळें बी स्वयंपाकांत चालेल असें मात्र कोणीं समजूं नये. आपल्या पडीक जमिनींत पिवळा धोत्राहि वाढतो. त्याचें फूल पिवळें, पानें कांटेरी व पांढऱ्या पट्ट्यांचीं. देठ मोडला कीं पिवळा चीक येतो. तो अफूच्या कुलांतला असून त्याचें मूळस्थान मेक्सिको. त्याचें बी मोहरीसारखें दिसतें, पण त्याच्या तेलांत विष असतें. १९९८ सालीं दिल्लींत मोहरीच्या तेलांत धोत्र्याच्या तेलाची भेसळ झाल्यामुळें हजारों लोक आजारी पडले. त्यांच्या पायांस सूज आली, हृदयावर ताण पडला, व साठांहून अधिक माणसें दगावलीं. भिंगाखालीं धोत्र्याच्या बियांवर ठळक जाळी व एका टोंकास बारीक अणी दिसते. म्हणून पालकांनीं उघड्यावरचें, अनोळखी तेल घेऊं नये.

दुसरी सूचना अशी कीं, कान दुखूं लागला म्हणजे तिळवणीच्या पानांचा रस कानांत पिळण्याची जुनी चाल आहे. हा रस दाहक असतो, आणि कानाचा पडदा फाटलेला असल्यास अपाय होण्याची भीति असते. अशा वेळीं मुलास डॉक्टरांकडे न्यावें हेंच उत्तम.

सेवाभावी मिशनरी विल्यम केरी यांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण छापलें, आणि रॉक्सबर्ग यांचा हिंदुस्थानच्या वनस्पतींवरील ग्रंथ १८३२ सालीं प्रसिद्ध केला. भाषा व झाडपाला, दोन्ही त्यांनीं सारख्याच आस्थेनें अभ्यासिलीं. आमच्या विद्यार्थ्यांनींहि येत्या पावसाळ्यांत तिळवणीची एक फांदी फूल व शेंगेसह कागदांत दाबून वाळवावी, खालीं दिनांक, ठिकाण व आपलें नांव लिहावें, आणि शेजारच्या पानावर मोहरीची फांदी लावावी. दोहोंतील साम्य व भेद स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिले म्हणजे ते कायमचे ध्यानांत राहतील.