नव्या फ्रिजची मोटार किती वेळ चालावी

पोरी, फ्रिज येऊन दोन दिवस झाले नाहीत तोच तुझा घोर सुरू, “मोटार थांबतच नाही!” थांबेल गं. एवढं ध्यानात ठेव.

१. टेम्पोतून उतरवला की लगेच बटण दाबू नकोस, चार तास उभा राहू दे. आडवा आणला असेल तर रात्रभर — कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत गेलेलं असतं, ते खाली उतरायला हवं. आपल्याच तालुक्यातल्या रांजणगावच्या एमआयडीसीत बनलेला असला, तरी रस्त्याचे हिसके त्यालाही बसतात.

२. पहिला दिवस सलग चालला तर चालू दे — आतले कप्पे, काचा, सगळंच बाहेरच्याइतकं तापलेलं असतं. गार हवं तर धीर हवा.

३. पुढे साध्या कॉम्प्रेसरचा हिशेब ढोबळच धर: थंडीत चालू कमी, बंद जास्त, एरवी साधारण निम्मं-निम्मं, वैशाखात तासातली ४० मिनिटंसुद्धा चालेल — भिंतींतून आत झिरपणारी उष्णता तो सारखी उपसत असतो.

४. दारावर ‘इन्व्हर्टर’ लिहिलंय का बघ. असेल तर वरचा हिशेब सोड — तो थांबण्याऐवजी हळू होतो, दिवसभर बारीक गुणगुणतो आणि तरी वीज बेतानेच घेतो.

५. बाजू कोमट लागल्या तर घाबरू नकोस — बऱ्याच फ्रिजांत उष्णता बाहेर टाकायच्या नळ्या तिथेच असतात.

६. भिंतीपासून चार बोटं लांब ठेव. शेगडीशेजारी नको, उन्हं येणाऱ्या खिडकीशी तर नकोच. पाठ मोकळी, तर मोटारीला सुट्टी.

७. दारात दहाची नोट धरून दार लाव आणि ओढ. सहज निसटली तर रबर कोमट पाण्याने पूस — फटीतून दमट हवा शिरली की मोटारीला उसंत नाही.

८. शिवारातल्या मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, म्हणून चांगला स्टॅबिलायझर लाव — कमी दाबात कॉम्प्रेसर उचलत नाही, नुसता घुरघुरत तापतो. लाईट जाऊन आली तर पाच मिनिटं थांबून बटण लाव — आतल्या गॅसचा दाब आधी सारखा व्हावा लागतो. लाईट नसताना दार उघडूच नकोस.

९. तापवलेलं दूध निवल्यावरच आत ठेव — वाफेचं काम मोटारीच्या माथी कशाला?

१०. गारव्याचं बटण कायम शेवटच्या आकड्यावर नको, मधल्यावर पुरे. खाली ४ अंश, फ्रीजरला उणे १८ — याहून गार करायची गरज नाही, बिल मात्र वाढतं.

११. साधा कॉम्प्रेसर तीन दिवसांनंतरही अजिबात थांबत नसेल आणि दूध गार होत नसेल, किंवा दर दोन मिनिटांनी नुसतं ‘टक’ होऊन बंद पडत असेल, तर अंगावर काढू नकोस. मेकॅनिकला बोलाव, पण आधी कंपनीच्याच — वॉरंटीत असताना बाहेरच्याने उघडला तर वॉरंटी जाऊ शकते. पावती आणि कार्ड आजच कपाटात नीट ठेव.