आजोळचे आजारही सांगा

प्रोस्टेटच्या कॅन्सरबद्दल घराण्याचा इतिहास विचारला की बहुतेक पुरुष वडील, काका आणि भाऊ एवढ्यांची नावे घेऊन थांबतात. आजार पुरुषांचा, म्हणून चौकशीही पुरुषांचीच, अशी समजूत त्यामागे असते. ती अपुरी आहे आणि तिच्यामुळे धोक्यातली माणसे नजरेआड राहतात, असे माझे स्पष्ट मत आहे. आईला, मावशीला, आत्याला किंवा बहिणीला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर ती गोष्ट त्या घरातल्या मुलग्यांनीही डॉक्टरांना सांगायलाच हवी.

यावर पहिला आक्षेप असा येतो की एका घरातली माणसे एकच अन्न खातात, एकाच हवेत वाढतात. मग दोष रक्ताचा की राहणीचा? जुळ्या भावंडांच्या अभ्यासाने याचे बऱ्यापैकी उत्तर दिले आहे. एकसारख्या जुळ्यांची जनुके जवळजवळ पूर्ण जुळतात, इतर जुळ्यांची सरासरी निम्मी. घर मात्र दोन्ही जोड्यांना सारखेच मिळते. डेन्मार्क, फिनलंड, नॉर्वे आणि स्वीडन इथल्या दोन लाखांहून अधिक जुळ्यांच्या नोंदींवरून 2016 साली जो निष्कर्ष निघाला, त्यात पुरुषापुरुषांमधल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या धोक्याच्या फरकात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे 57 टक्के होता. सगळे कॅन्सर एकत्र धरले तर तो 33 टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे नेहमीच्या कॅन्सरांमध्ये आनुवंशिकतेचा इतका मोठा हात क्वचितच असतो. वडिलांना किंवा भावाला हा आजार असेल तर धोका साधारण दुप्पट होतो, हेही अनेक अभ्यासांत दिसले आहे.

आता आजोळकडे का पाहायचे ते सांगतो. बीआरसीए2 हे जनुक डीएनएची मोडतोड दुरुस्त करण्याच्या कामातले आहे. ते तेराव्या गुणसूत्रावर असते, लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांवर नाही. त्यामुळे त्यातला बिघाड आईकडून किंवा वडिलांकडून, मुलाकडे किंवा मुलीकडे, प्रत्येक वेळी निम्म्या शक्यतेने जातो. आईला प्रोस्टेट नसते, पण स्तनाच्या, अंडाशयाच्या आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा हा बिघाड ती मुलाला देऊ शकते. 2016 मध्येच प्रोस्टेटचा कॅन्सर शरीरात इतरत्र पसरलेल्या 692 रुग्णांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या 11.8 टक्के पुरुषांत डीएनए दुरुस्तीच्या कुठल्या ना कुठल्या जनुकात जन्मजात बिघाड सापडला आणि त्यात बीआरसीए2 सर्वांत पुढे होते. याहून महत्त्वाचे असे की घरात प्रोस्टेटचा कॅन्सर आहे की नाही यावरून हे पुरुष वेगळे ओळखू येत नव्हते. जवळच्या नात्यात इतर कॅन्सर असण्याचे प्रमाण मात्र त्यांच्यात जास्त होते. फक्त वडिलांबद्दल विचारणारा डॉक्टर यांना कसा शोधणार?

‘हा म्हातारपणाचा, संथ आजार, त्याच्यासह जगता येते,’ हे पुष्कळांच्या बाबतीत खरे आहे. सरसकट केलेल्या पीएसए रक्ततपासण्यांमुळे नको ते उपचार होतात, ही तक्रारही रास्त आहे. पण म्हणूनच कोणाचा आजार संथ आणि कोणाचा नाही हे निवडावे लागते. बीआरसीए बिघाड असलेल्यांचा आजार जास्त आक्रमक निघतो. ब्रिटनमधल्या 2013 च्या एका अभ्यासात या कॅन्सरपुरते निदानानंतरचे मध्यम आयुष्य बिघाड असलेल्यांत 8.6 वर्षे, तर इतरांत 15.7 वर्षे भरले. त्यामुळे बीआरसीए2 बिघाड असलेल्यांनी चाळिशीपासूनच पीएसए तपासत राहावे, असा सल्ला दिला जातो. उपचारालाही या माहितीचा उपयोग होतो: पुढच्या टप्प्यातल्या अशा रुग्णांसाठी ओलापॅरिब हे औषध अमेरिकेत 2020 साली मंजूर झाले.

राहिला भीतीचा प्रश्न. घरात असे काही निघाले तर मुलीच्या सोयरिकीत अडचण येईल, म्हणून अहवाल कपाटात ठेवले जातात. ही भीती मी कमी लेखत नाही. पण त्या लपवण्याची किंमत तीच मुलगी स्वतःच्या तब्येतीने मोजू शकते, कारण वडिलांतला बिघाड तिच्यात आला असेल तर तिला वेळेवर तपासणीची गरज असते.

जनुकांच्या तपासणीआधी जनुकीय समुपदेशकाशी बोला. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये कॅन्सरच्या आनुवंशिकतेसाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. घरबसल्या मिळणाऱ्या किटच्या आकड्यांवर विसंबू नका. एचओएक्सबी13 या जनुकातला, प्रोस्टेट कॅन्सरशी जोडलेला आणि 2012 साली सापडलेला बदल प्रामुख्याने उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत आढळतो, आणि शेकडो बारीक जनुकीय फरकांची बेरीज करून काढलेले धोक्याचे गुण आपल्याकडच्या लोकांना जसेच्या तसे लागू पडतीलच असे नाही. गाठीच्या तुकड्याची जनुकीय तपासणी झाली असली तरी जन्मजात बिघाडासाठी रक्ताची किंवा लाळेची तपासणी वेगळी लागते, हे डॉक्टरांना आठवणीने विचारा. आणि बिघाड निघाला, तर अहवालाची प्रत भावाबहिणींना आणि सज्ञान मुलामुलींना त्याच आठवड्यात द्या.