ऊर्जेचे माप : एक माणूस, वीस हजार युनिट



कोळसा-तेल सोडून ऊन, वारा, पाणी, बगॅस यांच्याकडे वळायचे, असे सगळीकडे ऐकू येते. पण किती आणि कशाच्या जोरावर, हे मोजल्याशिवाय बोलू नये. हे मोजणे सामान्य माणसाला शिकवणारे एक भूगर्भशास्त्रज्ञ म्हणजे अमेरिकेतील डॉ. स्कॉट टिंकर.

टेक्सास विद्यापीठाच्या भूगर्भ संस्थेचे ते २००० पासून वीस वर्षांहून अधिक काळ संचालक होते. त्याआधी त्यांनी तेल उद्योगात नोकरी केली, हेही ध्यानात ठेवून त्यांचे ऐकावे. २०१२ साली त्यांचा 'स्विच' हा माहितीपट आला. त्यात ते वायोमिंगची कोळसा खाण, नॉर्वेचे जलविद्युत केंद्र, आइसलँडमधील जमिनीखालच्या उष्णतेवरील वीज असे सगळे फिरून दाखवतात. प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच : ही ऊर्जा किती माणसांना पुरेल?

त्यासाठी त्यांचे माप असे : एका माणसाला वर्षाला दोन कोटी वॅट-तास, म्हणजे आपल्या मीटरवरची २०,००० युनिट. घरातली वीज, गाडीचे इंधन, कारखान्यातला माल, सगळे त्यात आले. भारतातली सरासरी याच्या निम्म्याहूनही कमी आहे.

आता हेच माप आपल्या उसाला लावू. उच्च दाबाच्या बॉयलरवर टनामागे साधारण १०० युनिट वीज धरू. २०,००० युनिटला ऊस लागला २०० टन. एकरी ४० टन धरले तर ५ एकर झाले, तेही एका माणसासाठी! पाच लाख टन गाळप झाले तर वीज ५ कोटी युनिट, म्हणजे २,५०० माणसांची गरज. साखर आणि इथेनॉल यात धरलेले नाही.

मग बगॅसची वीज कुचकामी काय? मुळीच नाही. रस काढून उरलेल्या चिपाडातून ती मिळते, हा नफाच. पण गाळप हंगामापुरता, ऊन दिवसा, वारा लहरी. म्हणून एकाच साधनावर सगळा भार टाकता येत नाही. प्रत्येकाचा वाटा, वेळ आणि खर्च पाहूनच जोड घालावी लागते. बदलाला वर्षे लागतात ती यामुळेच.

टिंकर शेवटी बचतीवर येतात. न वापरलेले युनिट सगळ्यांत स्वस्त! आपल्या हातात तेच आहे. पाच अश्वशक्तीची मोटार तासाला जवळपास ४ युनिट खाते. ठिबकमुळे आठवड्यात दहा तास वाचले, तर ४० युनिट वाचली, पाणी वाचले ते वेगळेच. पाचट न जाळता सरीत आच्छादन केले तर ओल टिकते आणि पाण्याची एखादी पाळी लांबते.

प्रत्येक सभासदाने आपल्या मोटारीचे वर्षाचे तास मांडून युनिट काढावीत व कागद गट ऑफिसला आणावा. पुढचे बोलणे त्या आकड्यांवर करू.

— ऊस विकास अधिकारी