दिवसपाळी, रातपाळी आणि सात मशीन



उधन्यात राहणाऱ्याला दिवसपाळी आणि रातपाळी म्हणजे काय हे सांगायला नको. आपल्यापैकी कित्येकांचे वडील रातपाळी करून सकाळी घरी येतात, तेव्हा आपण दप्तर घेऊन निघत असतो. आजचे गणित त्या पाळ्यांचेच आहे.

समजा एका कारखान्यात सात वेगवेगळी मशिने आहेत आणि सात कारागीर आहेत. त्यांना आपण क, ख, ग, घ, च, छ, ज म्हणू. प्रत्येक मशीन नेमक्या तिघांना चालवता येते. शेठला कारागिरांच्या दोन पाळ्या करायच्या आहेत, पण अशा की दोन्ही पाळ्यांत प्रत्येक मशीन येणारा निदान एक तरी माणूस हवा. नाहीतर ते मशीन बारा तास बंद, आणि मशीन बंद म्हणजे मजुरीही बंद. कोणाला कोणते मशीन येते ते असे:

कखग, कघच, कछज, खघछ, खचज, गघज, गचछ.

पुढे वाचण्यापूर्वी वहीत पाळ्या लावून पाहा. पाच मिनिटे तरी द्याच.

जमले नाही ना? तुमची चूक नाही. ही वाटणी होऊच शकत नाही, आणि ते सिद्ध करायला बेरीज-वजाबाकी पुरते. यादी नीट पाहा. प्रत्येक कारागिराला तीन मशिने येतात, आणि कोणत्याही दोघांना मिळून नेमके एकच मशीन सामाईक आहे. सात जणांच्या दोन पाळ्या केल्या की एका पाळीत तीन किंवा त्याहून कमी माणसे येणार. त्या लहान पाळीत तिघे आहेत असे धरू. तिघांची मिळून 9 मशिने होतात, पण तीन जोड्यांची तीन सामाईक मशिने दोनदा मोजली गेली. ती वजा केली की उरली 6. म्हणजे सातवे मशीन त्या पाळीत बंद! हे तिघे एकाच मशीनचे असतील तर मात्र ते एक मशीन तिघांनाही सामाईक असते, बाकीची सहा निरनिराळी येतात आणि सातही मशिने सांभाळली जातात. पण मग त्या एका मशीनचे तिन्ही जाणकार याच पाळीत आले, दुसऱ्या पाळीत त्याला कोणी नाही. पाळीत दोघेच असतील तर 5 मशिने चालतात, एकटा असेल तर 3. कोणत्याही बाजूने अडतेच.

आता गंमत पाहा. शेवटचे गचछ हे मशीन काढून टाका आणि ग, च, छ यांना रातपाळी द्या, बाकी चौघांना दिवसपाळी. उरलेली सहाही मशिने दोन्ही पाळ्यांत चालतात. किंवा मशीन काढू नका, पण ते क यालाही शिकवा. तरीही प्रश्न सुटतो. एका माणसाच्या एका शिकण्याने एवढा फरक पडतो!

गणितात कारागिरांना बिंदू म्हणतात, पाळ्यांना दोन रंग, आणि बिंदूंच्या अशा गटांच्या रचनेला हायपरग्राफ. साध्या ग्राफमध्ये एक रेघ दोनच बिंदू जोडते, इथे तीन, चार, कितीही. कोणताही गट संपूर्ण एकाच रंगाचा होऊ नये, हा या रंगकामाचा नियम. वर दिलेली सात बिंदूंची रचना इटलीचे गणिती जिनो फानो यांच्या नावाने ओळखली जाते. अशा काटेकोर रचनांच्या अभ्यासात आपले शरदचंद्र श्रीखंडे (1917-2020) यांचे नाव जगभर घेतले जाते. बोस आणि पार्कर यांच्यासह त्यांनी 1959 मध्ये लॅटिन चौरसांबद्दलचे ऑयलरचे पावणेदोनशे वर्षांचे अनुमान खोटे ठरवले.

तीन-तीनच्या गटांत वाटणी अडवायला किमान 7 गट लागतात. सहा असतील तर, कारागीर कितीही असोत, वाटणी होतेच. चार-चारच्या गटांसाठी हा आकडा 23 आहे, आणि त्यापेक्षा कमी गटांनी भागत नाही हे 2014 मध्ये संगणकाच्या मदतीने सिद्ध झाले. पाच-पाचच्या गटांचा नेमका आकडा अजून जगात कोणालाही ठाऊक नाही.

हंगेरीचे पॉल एर्डोश यांनी 1963 मध्ये या प्रश्नाला एक सुरेख युक्ती लावली. प्रत्येक कारागिरासाठी नाणे उडवा, छाप तर दिवस, काटा तर रात्र. सात जणांच्या एकूण 128 वाटण्या होतात. एक मशीन त्यांतल्या 32 बिघडवते, कारण त्याचे तिघेही दिवसा किंवा तिघेही रात्री असले आणि बाकी चौघे कसेही असले की झाले: 2 गुणिले 16. तीनच मशिने असतील तर बिघडलेल्या वाटण्या जास्तीत जास्त 96. म्हणजे किमान 32 चांगल्या वाटण्या आहेतच, एकही शोधून न काढता कळले! मला स्वतःला हा युक्तिवाद फार आवडतो.

मोठ्या गटांसाठी एर्डोश यांचा अंदाज बराच पुढे नेला तो मुंबईच्या कुलाब्यातील टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे जयकुमार राधाकृष्णन यांनी, अरविंद श्रीनिवासन यांच्यासह. त्यांचा लेख 2000 साली प्रसिद्ध झाला. आधी नाणेफेक करायची, मग एकरंगी झालेल्या गटांतील माणसे एकेक करून चिठ्ठ्या टाकून ठरलेल्या क्रमाने घ्यायची, आणि आधी बिघडलेला गट अजूनही तसाच असेल तरच चिठ्ठी टाकून त्या माणसाची पाळी बदलायची. वाटेतच एखादा गट सुधारला असेल तर त्याला उगाच हात लावायचा नाही. चांगला मुकादम याहून वेगळे काय करतो?

आता तुमच्यासाठी. 13 कारागीर, 13 मशिने, प्रत्येक मशीन चौघांना येते. पहिले मशीन 1, 2, 4, 10 यांना. पुढच्या प्रत्येक मशीनसाठी चारही आकड्यांत एक मिळवा, 13 नंतर पुन्हा 1. गट 23 पेक्षा कमी आहेत, तेव्हा वाटणी नक्की आहे. एका पाळीत सहा आणि दुसऱ्या पाळीत सात जण घेऊन ती शोधा आणि वही गणिताच्या शिक्षकांना दाखवा. पालकांची मदत घेतली तरी चालेल.