आधी आपल्या घरचा राउटर

लातूर जिल्ह्यातल्या देवणीत मी संगणकाचा क्लास चालवतो. टायपिंग, टॅली, एमएस-सीआयटी हे नेहमीचं. पण अलीकडे दहावी-बारावीची पोरं वेगळंच विचारायलीत: "सर, समोरच्या दुकानाचं वाय-फाय फुल यायलंय, पासवर्ड तेवढा कसा काढायचा?" मी रागावत नाही. हे सगळं चालतं कसं, ते समजून घ्यायची हौस त्या प्रश्नात असते. त्या हौसेला भलत्याच वाटेला लावणारे मात्र फार झालेत, आणि त्या वाटेवर काय होतं ते मी एका घरात पाहिलंय.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाने वाय-फाय तोडायचं अ‍ॅप एका टेलिग्राम ग्रुपवरून घेतलं. एपीके फाइल. सोबतच्या व्हिडिओत पहिलीच सूचना होती: प्ले प्रोटेक्ट बंद करा. जे अ‍ॅप मोबाईलची राखण आधी काढायला सांगतं, ते कशासाठी आलंय हे तिथेच ओळखावं. पुढे त्याने एसएमएस वाचायची परवानगी मागितली. वाय-फायचा आणि एसएमएसचा संबंध काय, हे त्या घाईत कोण विचारतो? आपल्याकडे घरातल्या शिकलेल्या पोराच्या मोबाईलमध्येच वडिलांचं सिम असतं, कारण पीकविम्यापासून ई-पीक पाहणीपर्यंत सगळं तोच भरतो. बँक खात्याला नंबरही तोच. वडिलांनी उदगीरच्या मोंढ्यात सोयाबीन घातलं होतं आणि पट्टीचे पैसे खात्यावर आले होते. रात्रीतून ओटीपी येत गेले, परस्पर दुसरीकडे जात गेले आणि खातं रिकामं झालं. घाबरून मुलगा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बोललाच नाही. तोवर रक्कम पुढच्या खात्यांत फिरली होती. थोडी गोठवता आली, बाकीची गेली.

तेव्हापासून कोणी हा प्रश्न विचारला की मी त्याला त्याच्याच घरच्या राउटरपाशी बसवतो. राउटरच्या खाली चिकटवलेल्या कागदावर एक पत्ता आणि नाव-पासवर्ड छापलेला असतो. तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की राउटरचं पान उघडतं. बहुतेक घरांत तिथला पासवर्ड 'अ‍ॅडमिन' हाच सापडतो. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या: वाय-फायचा पासवर्ड वेगळा आणि या पानाचा वेगळा. लोक पहिला बदलतात, दुसरा तसाच ठेवतात. मग वाय-फायवर आलेला कुठलाही पाहुणा त्या पानावर जाऊन डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता देणारा सर्व्हर, बदलू शकतो. तसं झालं की बँकेच्या साइटचं नाव बरोबर टाकूनही मोबाईलला पत्ता चोराच्या पानाचा मिळू शकतो. ब्राउझरने प्रमाणपत्राचा इशारा दिला की म्हणूनच तिथेच थांबायचं, 'पुढे जा' दाबायचं नाही.

त्याच पानावर डब्ल्यूपीएस नावाची, पासवर्डऐवजी पिनने जोडून देणारी सोय दिसते. ती बंद करा. तिचा पिन आठ आकडी, म्हणजे दहा कोटी शक्यता, असं वाटतं. पण २०११ मध्ये स्टेफान फीबॉक या संशोधकाने दाखवून दिलं की राउटर पहिले चार आकडे आधी तपासतो आणि ते चुकले की तसं कळवतो. उरलेल्या चारांतला शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो. म्हणजे आधी दहा हजार आणि नंतर एक हजार, एवढेच प्रयत्न पुरतात. मुलांना हे गणित मी फळ्यावर मांडून दाखवतो. कुलूप कसं फसतं हे एकदा असं कळलं की तोडायच्या अ‍ॅपची ओढच उरत नाही. सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा. डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत २००१ मध्येच फोडली गेलीय.

"आमच्या वाय-फायवर कोण काय करणार?" असं दुकानदार म्हणतात, तेव्हा मी त्यांना २००८ सालची हकिगत सांगतो. २६ जुलैला अहमदाबादेत स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा मेल गेला होता. त्याचा माग नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरापर्यंत पोचला. तिथे राहणाऱ्या अमेरिकन माणसाने तो पाठवलाच नव्हता; त्याचं उघडं वाय-फाय वापरून दुसऱ्यांनीच पाठवला होता. पण चौकशीला सामोरं जावं लागलं ते त्याला. पुढच्या महिन्यात माटुंग्याच्या खालसा कॉलेजचं आणि सप्टेंबरात चेंबूरच्या एका कंपनीचं नेटवर्क असंच वापरलं गेलं. दुकानात गिऱ्हाइकांना नेट द्यायचंच असेल तर राउटरवर 'गेस्ट' नेटवर्क वेगळं काढा. बिलिंगचा संगणक त्यावर ठेवू नका.

शिकायची खरी हौस असेल त्याने जुना मोबाईल, घरचा राउटर आणि संगणकावर वायरशार्क हे मोफत सॉफ्टवेअर घ्यावं. आपल्याच नेटवर्कवर काय ये-जा करतं ते बघावं. एचटीटीपी असलेल्या पानावर टाकलेला मजकूर उघडा दिसतो, एचटीटीपीएसवरचा दिसत नाही. हे डोळ्यांनी पाहिलेलं पोरगं पुन्हा विसरत नाही. दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये परवानगीशिवाय शिरणं मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी हे आधी वाचावं.

आणि पैसे गेलेच तर पोराला ओरडण्यात वेळ घालवू नका. त्या घरात मार बसेल या भीतीनेच अख्खी सकाळ वाया गेली. मोबाईल फ्लाइट मोडवर टाका. दुसऱ्या फोनवरून लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला आणि बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, तुम्ही कळवल्यानंतर खात्यातून जे जाईल त्याची भरपाई बँकेने करायची असते. म्हणून बँकेला कळवल्याची वेळ आणि तक्रारीचा क्रमांक तिथल्या तिथे कागदावर लिहून ठेवा.