दादाचे डोळे

चि. बाळास,



फोनवर तू "हो आत्या, बघतो" म्हणून मोकळा होतोस, म्हणून लिहिते आहे. रविवारी लग्नात कराडची माणसं भेटली. दादानं स्कूटर उभ्या हातगाडीवर घातली म्हणे. डाव्या अंगाला अख्खी गाडी उभी, आणि ती त्याला दिसली नाही. मला तो म्हणाला, ब्रेक लागला नाही. तुला तर काहीच सांगितलं नसेल.

तू म्हणशील, बाबांच्या सगळ्या तपासण्या दिवाळीतच झाल्या. झाल्या, पण कसल्या? घरी येऊन रक्त नेलं आणि संध्याकाळी मोबाइलवर अहवाल आला. साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, क्रिएटिनिन. डोळ्यात डोकावलं का कुणी? आपल्या घरात आजीचं काय झालं हे ठाऊक असताना तू एवढ्यावर समाधान मानलंस, याचा मला फार राग आला. चष्म्याच्या दुकानात नुसता नंबर काढून काचबिंदू कळत नाही. दादा अजून पेपरातली बारीक अक्षरं वाचतो यावरही जाऊ नकोस. काचबिंदू बहुतेक वेळा कडेची नजर आधी नेतो, मधली बरीच उशिरापर्यंत टिकते. दुखत नाही, खुपत नाही, आणि एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो.

आईचं, म्हणजे तुझ्या आजीचं, असंच झालं. मी तेव्हा कोल्हापूरला शिकत होते. सुट्टीत घरी यावं तर ती दाराच्या चौकटीला खांदा आपटायची, ताटाशेजारचं भांडं लवंडायची. सगळे म्हणायचे, मोतीबिंदू असेल, पिकला की काढू. मीही तेच म्हणत होते. मिरजेला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू काढता येतो, पण काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी राखायची. माझ्या लग्नात तिनं अक्षता टाकल्या त्या आवाजाच्या रोखानं. शालू कुठल्या रंगाचा, ते मला विचारलं होतं तिनं. एवढी वर्षं झाली, अजून ते आठवलं की हातातलं काम थांबतं.

म्हणून सांगते, दादाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. नुसता पाठवू नकोस, सोबत जा. डोळ्याचा दाब मोजतील, तो साधारण 10 ते 21 च्या दरम्यान असतो. पण दाब त्या मापात असूनही नस खराब होऊ शकते, तेव्हा बाहुली मोठी करून मागची नस बघायला सांग आणि नजरेचा परीघ मोजणारी चाचणीही करून घे. थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसतं, त्या दिवशी स्कूटरची किल्ली तू ठेव. दादाच्या आईला काचबिंदू होता, हे डॉक्टरांना आधी सांग. त्याच्या दम्याचंही सांग, काचबिंदूचे काही थेंब दमेकऱ्याला चालत नाहीत. आणि डोळे चुरचुरतात म्हणून तो दुकानातून कसले थेंब आणतो, ती बाटली बरोबर घे. स्टेरॉइडच्या थेंबांनी दाब चढू शकतो. 70 नंतरचं आयुष्मान कार्ड काढलंय ते चांगलं केलंस, पण ते इस्पितळात दाखल झाल्यावर कामाला येतं, अशा तपासणीला नाही. वहिनीला साखर आहे, तिचा डोळ्याचा पडदा दरवर्षी बघायला हवा. तिलाही त्याच खेपेला ने. ती आपण होऊन कधी म्हणायची नाही.

बाळा, रागावून लिहिलं, मनाला लावून घेऊ नकोस. हिंजवडीहून रजा काढणं सोपं नाही, मुलांच्या परीक्षा, हप्ते, सगळं मला कळतं. रात्री गाडी चालवून तू कराडला येतोस आणि पहाटे परत फिरतोस, हे वहिनीनंच मला डोळे पुसत सांगितलं. दादालाही रागावू नकोस. स्कूटर सुटली तर आपण घरात बसलेलं माणूस होऊ, याचं त्याला भय आहे. त्याला म्हण, "आत्याला भीती वाटते, तिच्यासाठी चला." माझ्यासाठी तो येईल. लहानपणी मला ताप आला की तो शाळा बुडवून उशाशी बसायचा.

तूही चाळिशी ओलांडलीस. त्याच दिवशी तुझेही डोळे दाखव. मला दोन वर्षांपूर्वी काचबिंदू निघाला, रात्री थेंब घालते, नजर अजून शाबूत आहे, काळजी करू नकोस. तुला एकट्याला जमणार नसेल तर मी येते. दादाला मी धरीन, वहिनीला तू. शनिवार सांग, म्हणजे मी शुक्रवारच्या एसटीनं निघते. तुझ्यासाठी बेसनाचे लाडू आणते, आणि जेवत जा रे वेळेवर.

तुझी,
आत्या