घरगुती जलमापकाचे वाचन

पाणीपट्टीच्या देयकावरून ग्रामपंचायत आणि नळजोडणीधारक यांच्यात जे वाद उद्भवतात, त्यांचे मूळ पुष्कळदा दरात नसून आकड्यांच्या वाचनात असते. विजेच्या मीटरविषयी घरोघर थोडीफार जाण आहे. पाण्याचा मीटर मात्र अंगणाच्या कोपऱ्यात, मातीने माखलेल्या झाकणाखाली उपेक्षित पडून असतो. ज्या गावांनी मीटरप्रमाणे आकारणी स्वीकारली आहे, तेथील सदस्यांना व शिक्षकांना तरी हे वाचन स्वतः करता आले पाहिजे.

घरगुती मीटरमध्ये सामान्यतः एक लहानसे पंखचक्र असते. आत शिरणारे पाणी त्यास फिरवते आणि त्याच्या फेऱ्या दंतचक्रांमार्फत तबकडीवर नोंदल्या जातात. मीटरच्या अंगावरील बाण पाण्याच्या प्रवाहाची दिशा दाखवतो. जोडणी करताना तो उलटा बसला तर नोंद विश्वसनीय राहात नाही.

तबकडीवरील काळे आकडे घनमीटर दर्शवितात. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. देयकावरील एक किलोलिटरही तेवढेच. लाल आकडे किंवा लाल काटे हे घनमीटरचे अपूर्णांक होत. आकारणीसाठी केवळ काळे आकडे घ्यावेत. घोटाळा होतो तो येथेच. ४३१ घनमीटर आणि लाल २७५ ही नोंद कोणी ४,३१,२७५ अशी सलग वाचली, तर वापर हजारपटीने फुगतो! शेवटचा आकडा अर्धवट फिरलेला असेल तर लहान आकडा धरावा.

मागील वाचन ४१२ आणि चालू वाचन ४३१ असल्यास वापर १९ घनमीटर, म्हणजे १९,००० लिटर झाला. हे वाचन ६० दिवसांचे आणि कुटुंब पाच माणसांचे असेल, तर दरडोई दररोज सुमारे ६३ लिटर पडतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी ५५ लिटरचे प्रमाण धरले आहे. सातवीच्या वर्गाला यापेक्षा चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

वापर अकारण वाढलेला दिसला, तर गळतीची परीक्षा घ्यावी. नळाला पाणी असतानाच घरातील सर्व तोट्या आणि टाकीकडे जाणारी झडप बंद करून तबकडीवरील सर्वांत चपळ काट्याकडे किंवा चांदणीकडे पाहावे. ती फिरत राहिली तर मीटरच्या पुढे कोठेतरी पाणी झिरपत आहे. पाव तासात २ लिटर ही गळती क्षुल्लक वाटते. परंतु चोवीस तास पुरवठा असलेल्या घरी ती दिवसाला १९२ लिटर, म्हणजे वरील प्रमाणाने तीन माणसांच्या गरजेहूनही अधिक होते. झडप उघडल्यावरच चांदणी फिरू लागली आणि टाकी भरूनही थांबली नाही, तर टाकीतील बॉलकॉक तपासावा.

“पाणी येण्याआधीच मीटर पळतो” ही तक्रार मात्र हसण्यावारी नेऊ नये. खंडित पुरवठ्यात रिकाम्या नळात हवा शिरते आणि पाणी सुटताच ती पुढे ढकलली जाऊन पंखचक्र फिरवते. याचा दोष घरमालकाकडे नसतो. वितरण वाहिनीवर योग्य ठिकाणी हवेचे व्हॉल्व्ह आहेत काय आणि ते चालू आहेत काय, हे पंचायतीने पाहावयाचे असते. सातारा जिल्ह्यात कराडजवळील मलकापूरने या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर मीटरसह चोवीस तास पुरवठा सुरू केला. नळ सतत भरलेला राहिला की हवेला शिरकावच उरत नाही.

गावच्या टाकीच्या निर्गम वाहिनीवर एक मोठा मीटर बसविला तर घरोघरच्या वाचनांना वेगळाच अर्थ येतो. त्याच कालावधीतील घरांच्या वापराची बेरीज टाकीतून सुटलेल्या पाण्याशी ताडून पाहावी. तफावत निघेल ती गळतीची, बेकायदा जोडण्यांची, बंद मीटरांची किंवा सार्वजनिक नळांची. त्यांपैकी कशाची किती, हे ठरल्याखेरीज पाणीपट्टी वाढविण्याचा ठराव ग्रामसभेपुढे ठेवणे न्याय्य नव्हे. त्यासाठी टाकीवरील आणि घरांतील वाचने शक्यतो एकाच दिवशी घ्यावीत आणि प्रत्येक वाचन नोंदवहीत लिहिताना ते घरच्या माणसास दाखवून त्याची सही घ्यावी.